सातभाईंनी सांगितलेली पाळी

एका राज्यात राजा जेवायला बसला, की साऱ्या दरबाराने माना खाली घालायच्या, अशी रीत होती. राजाच्या ताटाकडे बघेल त्याला दहा फटके. राजा शार्दूलधर याला ही रीत फार आवडे.

एकदा एका मांत्रिकाने मान वर केली. फटके खाऊन तो म्हणाला, "राजा, उद्यापासून तुझा घास घार नेईल. सात दिवसांत एक ताट पुरतं जेवला नाहीस, तर पाटासकट दगड होशील."

दुसऱ्या दिवशी तांब्याच्या पंखांची घार भिंतीतून आत आली आणि पुरणपोळी घेऊन गेली. माना खाली होत्या. कोणी काही पाहिले नाही.

चौथ्या दिवशी राजा उपाशीपोटी रानात गेला.

"वाघाच्या रानात तुमचं पोट कसं भरतं?" त्याने हरणाला विचारले.

"दोन घास खावे, मान वर करावी."

राजाने तसे केले. मान वर गेली आणि ताटातली भाकरी गेली.

पाचव्या दिवशी त्याने सशाला गाठले.

"डोळे दोन्ही बाजूंना असले की झालं," ससा म्हणाला.

"माझे पुढे आहेत."

"मग अवघड आहे."

सहाव्या दिवशी बाभळीखाली सातभाई पक्षी दिसले. सहा जण किडे टिपत होते, एक फांदीवर बसून आभाळ बघत होता.

"एकाने बघायचं, बाकीच्यांनी खायचं. मग पाळी बदलायची," थोरला म्हणाला.

"मी दहा पहारेकरी नेमीन."

"आणि तुझी पाळी?"

"मी राजा आहे."

"मग उपाशी राहा," असे म्हणून थोरल्याने किडा गिळला.

सातव्या दिवशी राजाच्या पायांचे अंगठे दगडाचे झाले. त्याने गिरमाजी आचाऱ्याला पाटावर बसवले.

"तू जेव. मी बघतो."

"महाराज, आमटी खारट झाली का?"

"जेव म्हटलं ना."

राजा काठी घेऊन उभा राहिला. त्याच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी त्याने ताटाकडे पाहिले नाही. घार भिंतीतून डोकावताच तो सातभाईसारखा कलकलला. घार मागे फिरली. गिरमाजी ढेकर देऊन उठला आणि काठी त्याने घेतली. मग राजा बसला. शेवटचे शीत पोटात गेले, तसे अंगठे मऊ झाले आणि घारीचे तांब्याचे पंख खळकन अंगणात पडले.

त्या दिवसापासून दरबार माना वर करून जेवतो. राजाची पाळी सोमवारी असते. पहारा तो चोख देतो. फक्त गिरमाजी तिसऱ्यांदा भात मागतो, तेव्हा जरा खाकरतो.