सोजराबाईचं विरजण

“...मग जिला घर नकोच आहे, बाबा, तिला घर द्यायचं तरी कशाला?”

रंगनाथ तरातरा चालत आला होता. पायांतल्या वहाणा काढायचंही त्याला भान नव्हतं.

फकीर हाशमबाबा आपल्या तकियात, म्हणजे मठीत, चुलीपुढे बसले होते. दूध तापवून नुकतंच खाली उतरवलं होतं. ते निवायची वाट पाहत होते.

“सोजराबाई?” त्यांनी विचारलं.

“दुसरं कोण...”

बाबांच्या तकियामागे गावानं खोल्यांची एक ओळ बांधली होती. पुलाखाली, देवळाच्या ओसरीवर, एसटी स्टँडवर राहणाऱ्या माणसांसाठी. कुणी विटा दिल्या, कुणी पत्रे. गवंड्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन भिंती उभ्या केल्या. पण खरा राबला तो रंगनाथ. तो बाबांचा शिष्य. त्याला काम येत होतं, आणि येतं हे त्याला चांगलं ठाऊकही होतं.

म्हातारी सोजराबाई कितीतरी वर्षं स्टँडवरच्या बाकाखाली झोपत होती. गेल्या पावसाळ्यात भिजून आजारी पडली, मरता मरता वाचली. रंगनाथनं तिला स्वतः खोलीत आणलं. खाट दिली, शेगडी दिली, भांडी दिली.

आणि ती पुन्हा पुन्हा स्टँडवर जात होती.

आताही तो तिला परत आणून सोडून आला होता. बोचकं सोडायला ती तयार नव्हती, ते मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती. अंधार पडला की उठून जाणार, हे त्याला दिसत होतं. पंचांनी सांगून टाकलं होतं, ती आजही गेली तर उद्या खोली दुसऱ्याला. पाऊस तर तोंडावर आलेला.

रंगनाथ बोलतच राहिला. तिच्यासाठी काय केलं नाही ते बाबांनी सांगावं. डबा जातो. डॉक्टर येतात. गल्लीतल्या बायका रोज डोकावतात... आंघोळ केली का, गोळी घेतली का, केर काढला का, विचारतात. डॉक्टरांनी दूध प्यायला सांगितलं म्हणून रोज दूध पोचवलं, तर बाई पीत नाही. विरजून ठेवते. दही लागलं की तसंच झाकून स्टँडवर जाते. लोक आता त्याला चहाच्या टपरीवर विचारतात, काय रंगनाथराव, पाखरू पिंजऱ्यात आहे की उडालं?

“स्टँडवर ती काय करते?” बाबांनी विचारलं.

“काय करणार? बसते.”

“नुसती?”

“लोक नळावर जाताना तिच्याजवळ पिशव्या ठेवतात. आजी, जरा लक्ष ठेवा म्हणतात. ती ठेवते.” रंगनाथनं हात झटकला. “हा काय उद्योग झाला?”



मग बाबांनी कोपऱ्यातलं दह्याचं गाडगं ओढलं. बाबांना दही कधी आवडलं नव्हतं. दही जेवायला येणाऱ्यांसाठी असायचं. आज त्यांनी गाडगं तोंडाला लावलं आणि सगळं संपवलं. तळाशी राहिलेलं बोटानं पुसून चाटलं. तोंड वाकडं केलं.

रंगनाथ बघत राहिला.

“बाबा, विरजणापुरतं तरी ठेवायचं... एवढ्या दुधाला आता काय लावू?”

“जा. सोजराबाईकडून मागून आण.”

“तिच्याकडून?”

“तिच्याकडं दही आहे, तूच म्हणालास.”

“शेजारी चार घरं आहेत, बाबा. कुणीही देईल.”

बाबांनी रिकामी वाटी त्याच्या हातात दिली.

रंगनाथ निघाला, पण सरळ गेला नाही. हातात वाटी घेऊन कुणाच्या दारात जायची त्याला सवय नव्हती. तो नळाकडून वळसा घालून गेला. वाटेत कुणी भेटलं की वाटी पाठीमागे धरायचा. खोल्यांपाशी पोचला तेव्हा घराघरांत दिवे लागले होते.

बऱ्याच वेळानं तो परतला. वाटी रिकामीच.

त्यानं ती चुलीजवळ आपटून ठेवली.

“नाही दिलं. ऐकलंत का? आपण घर दिलं त्या बाईला, आणि तिनं चमचाभर विरजण दिलं नाही.”

“काय म्हणाली?”

“आधी मला दारात उभं राहू दिलं नाही. आत ये म्हणाली, बस म्हणाली. आजवर साहेब म्हणत होती, आज एकदम अरेतुरे. मग वाटी उलटीसुलटी करून पाहिली, अशा वाटीत विरजण मागतात का म्हणाली. खाटेवर बसायला जागा नव्हती तर मलाच ते बोचकं उचलून फळीवर ठेवायला लावलं. पाणी दिलं. बाबा कसे आहेत, गुडघा दुखतो का, सगळं विचारलं. मला वाटलं, आता देईल...”

“मग?”

“मग म्हणाली, दिवे लागल्यावर माझ्या घरातलं विरजण मी बाहेर देत नाही. सकाळी ये.”

बाबांनी मान हलवली. “‘सकाळी ये’ म्हणाली ना?”

रंगनाथनं कपाळाला हात लावला. दुधाचं भांडं अजून उघडंच होतं, आणि उकाडा तर मरणाचा होता.

“बाबा, सकाळपर्यंत दूध नासेल.”

“नासू दे.”