तुपाची धार आणि राजाचा दाखला

"ही जागा सुरक्षित नाही. येथे तुमची लूट होऊ शकते. मागे फिरा!"

खडकमाळच्या राजांचे होणारे व्याही साखरपुड्याला निघाले होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी राजांची वेबसाइट उघडली आणि पडद्यावर ही लाल पाटी आली. माणूस आज्ञाधारक. तो खरंच मागे फिरला!

मांडव तसाच राहिला. जिलब्या कुत्र्यांनी खाल्ल्या. राजे हिंमतराव संतापाने लाल झाले.

"भागोजीला पकडून आणा!"

वेबसाइट खरी आहे, चोराची नाही, असा एक दाखला असतो. त्याला मुदत असते. मुदत सरण्याआधी राजांचा अंगठा घेऊन तो नवा करावा लागतो. मुदतीवर नजर ठेवणं हे भागोजीचं काम.

"मुदत सरत आली हे सांगितलं का नाहीस?" राजे गरजले.

"मागच्या खेपेला सांगितलं होतं, महाराज."

"मग?"

"आपण म्हणालात, हिंमतरावाचं काही सरत नसतं! अशुभ बोलला म्हणून फटके दिलेत."

"मग या खेपेला गप्प का बसलास?"

"पाठ अजून दुखतेय, महाराज."

दरबारात कोणी तरी फिसकन हसलं. झालं! भागोजी कोठडीत गेला.

त्याची बायको सगुणा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढायला होती. बातमी कळली तशी ती हातातल्या पळीसकट दरबारात शिरली.

"महाराज, सांगितलं तर फटके, न सांगितलं तर कोठडी. माझ्या नवऱ्यानं करायचं तरी काय?"

उत्तर सुचलं नाही की राजे अट घालत.

"असं का? मग ऐक! आज दाखला नवा केलाय. त्याची मुदत सरण्याआधी मला ते कळलं पाहिजे. पण कोणी सांगायचं नाही. बोलायचं नाही, लिहायचं नाही, खुणावायचं नाही, घंटा वाजवायची नाही. जमलं तर नवरा सोडतो. नाही जमलं तर तूही आत!"

दिवाण त्रिंबकपंत मिशीत हसले. "हे तर ब्रह्मदेवालाही जमायचं नाही!"

"ब्रह्मदेवाला वाढता येत नाही, दिवाणजी," सगुणा म्हणाली. "महाराज, जमेल. फक्त पंगतीत तूप मी एकटीनं वाढीन. दुसऱ्या कोणी तुपाला हात लावायचा नाही."

"तूप? घे, घे!" राजे म्हणाले.

वेबसाइटच्या नावाशेजारी बारीक कुलूप असतं. त्यावर बोट ठेवलं की मुदतीची तारीख दिसते. लग्न नवं होतं तेव्हा भागोजीने कौतुकाने तिला ते दाखवलं होतं. बिचाऱ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं होतंच काय! सगुणा रोज सकाळी कुलूप पाही, मग चूल पेटवी.

खडकमाळची रीत अशी, की भातावर वरण आणि वरणावर तूप पडल्याशिवाय पंगतीत घास उचलायचा नाही. आधी राजांचं पान, मग दिवाणांचं, मग बाकीच्यांचं. सगुणा वाढायची तेव्हा भातातून तुपाचे ओहोळ वाहत. दिवाणांचं पोट पानाला टेकू लागलं. कोठडीत भागोजी मात्र कण्या खात होता.

मग एके दिवशी धार बारीक झाली.

"काय गं, म्हशी आटल्या?" राजांनी विचारलं.

"नाही, महाराज. मजेत आहेत."

दुसऱ्या दिवशी आणखी बारीक. पुढे नुसते थेंब. दिवाणांना वाटलं, महाराजांची आपल्यावरची मर्जी फिरली. खजिनदाराला वाटलं, तिजोरीची भानगड उघडकीस आली. दोघांचीही झोप उडाली. विचारायची छाती मात्र कोणाची झाली नाही.

शेवटी एका दुपारी राजांच्या भातावर तूप पडलंच नाही. सगुणा पान ओलांडून पुढे गेली. रीतीप्रमाणे घास उचलता येईना. सगळी पंगत हात आवरून बसली. पोटात कावळे ओरडू लागले.

"तूप!" राजांनी पाटावर हात आपटला. "आधी आटलं, आता सरलं! या राज्यात चाललंय काय? काय सरत आलंय आणि मला कोणी..."

राजे एकदम थांबले. त्यांनी सगुणाकडे पाहिलं. ती शांतपणे चटणी वाढत होती.

"दिवाण! दाखला बघा!"

दिवाणांनी घाईघाईने वेबसाइट उघडून कुलूप दाबलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "महाराज... उद्या सरतोय!"

अंगठा तिथल्या तिथे उमटला. दाखला नवा झाला. सगुणाने तुपाचं भांडं आणलं आणि राजांच्या भातावर ही मोठी धार धरली!

"कळलं ना, महाराज? कोणी सांगितलं?"

"कोणी नाही!" राजे बोलून गेले. मग जीभ चावून म्हणाले, "पण थांब! तूप कमी केलंस ही खूणच झाली! अट मोडलीस!"

"खूण करायला काही तरी करावं लागतं, महाराज. मी तर काम कमी केलं. काम न करण्याला खूण म्हणत असाल, तर दिवाणजी वर्षानुवर्षं खुणावतायत!"

पंगत खो खो हसली. दिवाण भातात बघू लागले.

"बरं, पण माझंच तूप का?" राजांनी विचारलं. "अट नसती आणि भागोजीला रोज ओरडायला लावलं असतं तर?"

"भागोजी ओरडला की त्याचीच पाठ दुखते, महाराज. आपलं पोट ओरडलं की राज्य हलतं!"

राजांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. डोळे पुसत ते म्हणाले, "सोडा भागोजीला! दोन दुभत्या म्हशी द्या दोघांना! आणि तो पठ्ठ्या आजपासून मुदतीचं मला तोंडावर सांगेल. फटके बंद!"

"आणि मी, महाराज?" दिवाणांनी हळूच ताट पुढे सरकवलं.

"तुम्ही?" राजे पुन्हा हसू लागले. "सगुणाबाई, दिवाणांना कोरडा भात! काही तरी काम केलं की धार सोडा!"