धुक्याची पारख

त्या राज्यात सगळेच हिरवे होते, आणि म्हणूनच कुणाचा कुणावर विश्वास नव्हता.

राज्य गव्हाचं होतं. पण गव्हाच्या ओळीत गवतही उगवे. तशीच पाती, तीच उंची. शेंड्याला ओंबी येईपर्यंत कोण कोणाचं ते ओळखू येत नसे, आणि तोवर गवताने निम्मं पाणी पिऊन टाकलेलं असे. पूर्वी खुरपी घेऊन हात येत. ते चुकतही. पुढे पाठीवर डबा घेतलेला एक माणूस आला आणि त्याने सगळ्यांवर सारखंच धुकं सोडलं. गवत पिवळं पडून वाळून गेलं. गहू उभा राहिला.

"धुकं आपल्याला ओळखतं," गहू म्हणू लागला.

धुकं कुणालाच ओळखत नव्हतं. ते प्रत्येकाच्या अंगात शिरे. गव्हाला ते आतल्या आत मोडून पचवता येई, एवढंच. पण पचवताना होणाऱ्या त्रासाबद्दल बोलणं तिथे चांगलं मानत नसत.

दर हंगामात तेच धुकं येत राहिलं, आणि एक कायदा आपोआप तयार झाला: जो पिवळा पडेल, तो आपला नाही.

एका साली सखल भागात पाणी तुंबलं. वर थंडीही कडक पडली. तिथे एकाच ओंबीतून आलेल्या दोन बहिणी उभ्या होत्या. थोरली जरा उंचवट्यावर होती, धाकटीची मुळं चिखलात गुदमरली होती. त्याच अवस्थेत धुकं आलं. धाकटीला ते पचेना. तिची पानं पिवळी पडली.

"काय गं, हळद लागली वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. ओळभर हसू पसरलं.

बांधाजवळ एक उंच रोप होतं. त्याला सगळे बांधकरी म्हणत. धुकं येऊन गेलं, तरी त्याच्या पात्यावर एकही डाग दिसला नव्हता, आणि ते सांगायला तो विसरत नसे.

"मला बघा," तो म्हणाला. "साधी मळमळसुद्धा नाही. आणि हिच्यावर दया करायची?"

"बांधकरीदादा, मी गहूच आहे," धाकटी म्हणाली. "माझा पोंगा, आतला कोवळा कोंब, अजून हिरवा आहे. पानं बाजूला करा, थोडं ऊन येऊ द्या. मी सावरेन."

"सगळे असंच म्हणतात."

"ताईला विचारा. ताई, सांग ना गं यांना!"

सगळे थोरलीकडे वळले. थोरलीच्याही पात्यांची टोकं पिवळी झाली होती. तिने ती शेजारच्या पानांत खुपसून ठेवली होती. एक शब्द बोलली असती, तर सगळ्यांचं लक्ष तिच्या टोकांवर गेलं असतं.

"मी हिला नीट ओळखत नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर. झाका तिला."

पानं सरकू लागली. बांधकऱ्याने आपलं रुंद पान पुढे केलं, त्याच्या मागे राहणाऱ्यांनी आपापली. शेवटची फट थोरलीच्या बाजूला उरली. सगळे वाट पाहत होते.

"ताई, एवढी फट राहू दे गं," आतून आवाज आला.

थोरलीने आपलं पान आडवं केलं.

आतली हाक रोज बारीक होत गेली. मग ती थांबली. बांधकऱ्याला सगळ्यांनी एकमताने राखणदार नेमलं. ज्यांच्यावर कधी डागच पडला नाही असे पुष्कळजण त्याच्याभोवती जमले, आणि पिवळी टोकं असलेले गहू दूर दूर सरकून उभे राहिले.

मग ओंब्या बाहेर पडायचे दिवस आले. थोरलीची ओंबी अर्धीमुर्धी भरली. बांधकऱ्याला ओंबी आलीच नाही. त्याच्या शेंड्यावर धुक्याला सरावलेल्या गवताचा एक आखूड, गच्च तुरा वर आला. त्याच्याभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांच्या शेंड्यांवर तसेच तुरे डुलत होते.

गव्हाने ते पाहिलं.

गहू पिकायच्या आधीच वारा सुटला. तुऱ्यांतून बारीक, काळसर, चकचकीत दाणे झडू लागले. ते थोरलीच्या पात्यांवरून घरंगळत खाली गेले, आणि शेजारी धाकटीच्या मोकळ्या जागेत भेगा शोधून मातीत शिरले.