उंबऱ्यावरचा कर

ऋजुताच्या हातची तुळससुद्धा जगत नसे; तरी गच्चीबागेच्या ऑनलाइन गटाची अ‍ॅडमिन तीच, कारण तिला ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं. त्यात नवऱ्याचे बापूमामा लोकांच्या मिरच्यांच्या फोटोंखाली टॅरिफवर राजकीय भाषणं ठोकू लागले. सदस्य वैतागून गट सोडू लागले. पण मामांची पोस्ट उडवावी, तर सासरी रुसवेफुगवे.

“बाहेरून येणाऱ्यावर कर हवाच!” मामांनी पुन्हा ठणकावलं.

तिनं लिहिलं, “पटलं, मामा. गृहप्रवेशाला तुम्हीच मला उंबऱ्यावर अडवलंत, ‘उखाणा घे, मगच आत!’ ततपप करत मी कर भरला. राजकारणही या गटात बाहेरचंच. दर पोस्टला मामींच्या नावाचा एक उखाणा!”

मामांची भाषणं त्या दिवसापासून बंद झाली. मामींचा मात्र निरोप आला, “कर माफ करू नकोस हं. लग्नापासून एकदाही माझं नाव घेतलेलं नाही त्यांनी!”