टणक झाड मागणारा सुतारपक्षी

फार वर्षांपूर्वी एका रानात पाखरांसाठी ढोल्या कोरण्याचं काम चाले. सरडा तिथला मुकादम होता. सगळे सुतारपक्षी मऊ पांगाऱ्यावर चोच चालवत आणि संध्याकाळी मजुरीच्या अळ्या घेऊन घरी जात. एकाने मात्र ऐनाचं जुनं, टणक झाड मागून घेतलं.

सरड्याला शंका आली. मजुरी तेवढीच, मग हा जास्तीचे कष्ट कशाला मागतो? नक्की आत काहीतरी दडवत असणार. त्याने खारीला अर्धवट ढोलीत शिरून बघायला लावलं. आत नुसता भुसा निघाला.

"खरं सांग, तुला हवंय तरी काय?" सरड्याने दरडावलं.

"मुकादम, या ऐनात आजवर कुणालाच ढोली कोरता आली नाही. मला जमतं का ते बघायचंय."

"एवढ्यासाठी कुणी चोच झिजवतं होय?" असं म्हणून सरड्याने त्याला पांगाऱ्यावर धाडलं.

तिथे त्याचं मन रमेना. एके सकाळी तो न सांगताच शेजारच्या रानात निघून गेला. तिथे त्याला हवं तसं टणक झाड मिळालं.

"बघा, माझा संशय खराच निघाला!" सरडा सगळ्यांना म्हणाला, आणि मन लावून काम करणारा आणखी कोण आहे, ते शोधू लागला.