गिरजेची वाटी

अक्षता मुठीत घेतल्यात ना? मग बोलणं आवरा, बायांनो. मागच्या सुनांनो, तुम्हीही. ऐका आठवणमाते, तुमची कहाणी.

आटपाट नगराच्या टोकाला तांबटांची आळी होती. दिवसभर हातोड्यांचे ठोके. तिथं दोन घरं होती, दोन घरांत एक भिंत होती, भिंतीला एक झरोका होता. अलीकडं भिवरा, पलीकडं गिरजा. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या. झरोक्यातून विस्तव जाई, विरजण येई, सासवांच्या चहाड्या दोन्हीकडून जात. दुपारी ओट्यावर बसून दोघी चिंचोके खेळत. चैत्र आला की भिवरा गौर मांडी आणि गिरजा आंब्याची डाळ करी. बारा वर्षं असं चाललं.

मग काय झालं? तेराव्या वर्षी माघात गिरजेचा नवरा गेला. चैत्रात भिवरेकडं हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलं होतं. गिरजेनं सवयीनं डाळ केली, तांब्याच्या वाटीत भरली, परसदारी येऊन उभी राहिली. वाटीवर तिच्या नवऱ्यानं ठोकलेले तीन ठिपके होते. बायका कुजबुजल्या. सासू खाकरली. भिवरा उठली, दाराशी गेली, हळूच म्हणाली, “आज नको गं गिरजा. बायका बसल्यात. उद्या ये.”

गिरजेनं ऐकलं. वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि माघारी वळली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. माहेर काही सातासमुद्रापार नव्हतं, तीन कोसांवर होतं. भिवरा झरोक्याशी गेली तर पलीकडं अंधार.

वाटी राहिली. आपल्यात दुसऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. भिवरा म्हणाली, काहीतरी घालून नेऊन देईन. पहिल्या वर्षी म्हणाली, डाळ घालू का? पण कुठल्या तोंडानं घालू? दुसऱ्या वर्षी म्हणाली, लाडू घालू का? पण तिच्या घरी गोड कसं नेऊ? तिसऱ्या वर्षी काही म्हणालीच नाही. वाटी घासली, पुसली, माळ्यावर टाकली.

वाटी माळ्यावर गेली आणि आठवण खाली आली. सकाळी चूल पेटवावी, तर गिरजा. दुपारी पहिला घास उचलावा, तर गिरजा. तिन्हीसांजा दिवा लावावा, तर गिरजा. रोज तीनदा. घास हातातून पडे, काडी बोटापर्यंत जळे. भिवरा वाळली. तिला वाटे, गिरजाच माझी आठवण काढते, मला शाप देते, म्हणून माझ्या जिवाला हा घोर.

मग ती मांत्रिकाकडं गेली. तो म्हणाला, “तुझ्यावर तिचा डोळा आहे.” दंडात काळा दोरा बांधला. दोरा कुजला, आठवण गेली नाही.

मग ती सासूला म्हणाली, “आत्याबाई, गिरजा मनातून जात नाही.” सासूनं मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या आणि म्हणाली, “कामाला लाग, रिकामपणाची दुखणी ही.” मोहऱ्या तडतडल्या, आठवण गेली नाही.

तिसऱ्या चैत्रात, भर दुपारी, दारात एक म्हातारी आली. हातात तांब्या. “तांबटीणबाई, तांब्या गळतोय, धन्याला दाखवा.” भिवरेनं तांब्या घेतला, नवऱ्याकडं दिला. म्हातारीला पानावर बसवलं, आपणही बसली. पहिला घास उचलला आणि हात तसाच राहिला.

म्हातारी म्हणाली, “कुणाची आठवण आली?”

भिवरेला रडू कोसळलं. तिनं सगळं सांगितलं. उद्या ये म्हटलं तेही सांगितलं. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“तीच मला छळते ना, आजी?”

“ती कशाला छळेल?” म्हातारी म्हणाली. “तुझ्या हातून जे राहिलं, ते आठवण होऊन दाराशी येतं. तू दोरा बांधून दार लावतेस. मग आठवण दुसऱ्या वेळेला येते. तिला काय हवं, ते कधी विचारलंस?”

भिवरेनं घास पानात ठेवला. माळ्यावर चढली, वाटी घेऊन खाली आली.

“आजी, मला वसा सांगा.”

“वसा तुला कशाला हवा? उतशील, मातशील.”

“उतणार नाही, मातणार नाही.”

“मग ऐक. ज्याची आठवण दिवसातून तीनदा येईल, त्याच्याकडं दिवे लागायच्या आत जावं. जाववलं नाही तर निरोप धाडावा. निरोप पोचेना, तर त्याच्या नावानं भुकेल्याला घास द्यावा. काय घेऊन जाऊ म्हणून अडू नये. घेतला वसा उद्यावर टाकू नये.”

“मग मी कधी जाऊ?”

“आत्ता.”

भिवरा उठली. पदर खोचला. वाटी हातात घेतली. वाटी रिकामी होती. तिला वाटलं, तीन वर्षांनी जायचं आणि रिकामी वाटी द्यायची? डाळ करावी. पण डाळ भिजायला हवी. रात्रभर भिजू दे, पहाटे वाटेन, उजाडता निघेन. एका रात्रीनं काय होतंय? असं म्हणून तिनं डाळ भिजत घातली. मागं वळून पाहते तो म्हातारी नाही. नवरा तांब्या घेऊन आत आला. म्हणाला, “याला भोक कुठाय? थेंब गळत नाही.”

दुसऱ्या दिवशी डाळ वाटून, वाटीत भरून भिवरा निघाली. एक कोस चालली, दुसरा चालली, तिसरा चालली. गिरजेचं घर आलं. अंगणात माणसं होती. चूल पेटलेली नव्हती. गिरजेची भावजय दाराशी बसली होती. तिनं आधी वाटीवरचे तीन ठिपके पाहिले, मग भिवरेकडं पाहिलं.

“तुम्ही भिवराताई का?”

“हो. गिरजा कुठाय?”

“काल गेल्या. दिवे लागायच्या वेळेला.”

भिवरा वाटी घेऊन तिथंच खाली बसली. भावजय तिच्यापाशी सरकली. म्हणाली, “महिनाभर आजारी होत्या. उचकी लागायची. सकाळी लागायची, दुपारी जेवताना लागायची, तिन्हीसांजेला लागायची. आम्ही नावं घ्यायचो. आईचं घेतलं, थांबायची नाही. भावाचं घेतलं, थांबायची नाही. मग त्याच म्हणायच्या, भिवरा. की थांबली. मग हसायच्या, म्हणायच्या, बघा, वाटी घेऊन निघाली असेल. काल दुपारी दोनदा दाराकडं तोंड करून निजवायला सांगितलं. सांजेला उचकी लागली, तुमचं नाव घेतलं. उचकी थांबली आणि श्वासही थांबला.”

भिवरेनं वाटी उराशी धरली.

“रागावल्या नव्हत्या हो,” भावजय म्हणाली. “तुमची आठवण रोज पोचत होती. तुम्ही का नाही पोचलात?”

बायांनो, हे आपणही आपल्याला विचारावं. भिवरा उठून आत गेली.

आत गिरजेची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. कालपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. भिवरा तिच्यापुढं बसली. वाटीतली डाळ चिमटीत घेतली, “आई, गिरजेच्या नावानं” म्हणाली. म्हातारीनं तोंड उघडलं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला तिला हुंदका आला. मग दोघी रडल्या.

भिवरा निघाली. वाटी ठेवून निघाली. आईनं हाक मारली, “अगं, ही ने. ती म्हणायची, भिवरेकडंच असू दे.” आणि रिकामी कशी द्यायची म्हणून गिरजेच्या उशाखालचे पाच चिंचोके वाटीत घातले. खेळून खेळून गुळगुळीत झालेले.

पुढच्या चैत्रात भिवरेनं गौर मांडली. आळीतल्या तीन विधवा होत्या, त्यांना आधी बोलावलं, पुढच्या दारानं बोलावलं. सासू म्हणाली, “सूनबाई, लोक काय म्हणतील?” भिवरा म्हणाली, “लोकांना म्हणावं, उद्या या.”

मग गिरजेची आठवण थांबली का? नाही थांबली. सकाळी आली, दुपारी आली, तिन्हीसांजेला आली. आता भिवरा दार लावत नाही. “ये गिरजा, बस,” म्हणते, आणि तिच्या नावाचा घास कुणाच्या तरी पानात वाढते. पण दुपारी ओट्यावर चिंचोके ती एकटीच खेळते. तेवढं आठवणमातेलाही परत देता आलं नाही.

भिवरेला पावली तशी आठवणमाता तुम्हां आम्हां पावो, असं मी म्हणणार नाही. भिवरेला झाला तसा उशीर तुम्हां आम्हां न होवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरीं सांगून झाली. ती सुफळ करणं तुमच्या पायांत आहे. टाका अक्षता. आणि ऐकता ऐकता जिला कुणाची आठवण तीनदा आली असेल, तिनं प्रसादाला थांबू नये. उठावं.