गोंड्याला दिलेले अभय

एकदा एक वृद्ध वैद्य सह्याद्रीच्या माथ्यावर, घनदाट रानाच्या कडेला कुटी बांधून राहत होते. त्यांच्या हाताला गुण होता आणि जिभेवर कधी कठोर शब्द नसे. अंगणातून मुंग्यांची रांग चालली असेल तर भरली घागर कडेवर घेऊन ते तिष्ठत उभे राहत, पण रांग मोडत नसत. त्यांच्याकडे शहरातून एक शिष्य आला होता. वैद्यकाची पदवी पदरी होती, पण हिरडा दाखव म्हटले की बेहड्याकडे बोट करी. मनाने मात्र सोने. कुणाचे दुःख त्याला पाहवत नसे, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या सद्गुणातूनच झाला.

वैद्यबाबा वनस्पती गोळा करायला अडीच महिन्यांसाठी कोकणात उतरले होते. इकडे हिरडा वेचताना शिष्याला एका झाडाखाली शेकरूचे पिल्लू सापडले. शेकरू म्हणजे आपल्या रानातली ती तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची भली मोठी खार. तिचा जन्म झाडांच्या शेंड्यांवर जातो, जमिनीला ती सहसा पाय लावत नाही. वर फांदीत काटक्यापानांचे घरटे होते. शिष्य धडपडत चढला आणि पाहतो तो घरटे रिकामे. आई टाकून गेली, असे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकले.

वस्तीवर कुणालाही विचारले असते तरी त्याला कळले असते, की शेकरू एका घरट्यावर भागवत नाही. ती पाच-सहा घरटी बांधते आणि धोका वाटला की पिल्लांना तोंडात धरून एकातून दुसऱ्यात नेते. रिकामे घरटे म्हणजे आई गेली असे नव्हे, तिचे बिऱ्हाड हलवणे चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण शिकलेल्या माणसाला विचारायचा कंटाळा असतो. त्याने पिल्लू उपरण्यात गुंडाळून कुटीत आणले.

शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून त्याने ते जगवले. शेपटीवरून नाव ठेवले गोंडा. गोंडा महिन्याभरात अंगणभर पळू लागला, दोन महिन्यांत येईल त्याच्या खांद्यावर चढून खिशातले शेंगदाणे काढू लागला. औषधाला येणारे लोक औषध विसरून त्याच्याशी खेळत बसत. एका म्हाताऱ्याने तेवढे हटकले.

"डॉक्टर, रानातला जीव हाती आला की अठ्ठेचाळीस तासांत कळवावं लागतं वनखात्याला. न्हाईतर गुन्हा हाय बरं का."

"आजोबा, तो कायदा कोंडून ठेवणाऱ्यांसाठी आहे," शिष्य हसून म्हणाला. "इथे पिंजरा दिसतोय का तुम्हाला?"

आपणही असेच हसतो. गॅलरीत टांगलेला मिठू हादेखील कायद्याने वन्य जीवच आहे आणि त्याला पाळणे गुन्हा आहे, असे कुणी सांगितले, तर आपण आधी त्या मिठूला पेरू देतो आणि मग सांगणाऱ्याला उडवून लावतो. कायदा नेहमी दुसऱ्या कुणासाठी असतो.

वैद्यबाबा कोकणातून परतले. खांद्यावरची झोळी उतरवायच्या आत गोंडा आंब्यावरून सरसर खाली आला, अंगण धावत ओलांडून त्यांच्या धोतराला धरून वर चढला आणि दाढी हुंगू लागला. शिष्याला वाटले, बाबा आता कौतुकाने हसतील. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

"हा मला ओळखतो का रे?"

"नाही बाबा. आजच तर पाहिलं त्याने तुम्हाला."

"तरी आला?"

"कुणाकडेही जातो!" शिष्य अभिमानाने म्हणाला. "तुम्हीच सांगता ना, सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ? मी त्याला अभय दिलं. याला आता कशाचंच भय नाही."

बाबांनी गोंड्याला अलगद उतरवून आंब्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य खलात औषध कुटत होता. इतक्यात अंगणात कर्कश ठणठणाट झाला. धावत बाहेर येऊन बघतो, तर मुंगीला वाट देणारे वैद्यबाबा पितळी परात आणि लाकडी डाव घेऊन गोंड्याच्या अंगावर धावून जात होते. "हट्! हो बाजूला!" म्हणून ओरडत होते, पाय आपटत होते. गोंडा थरथर कापत होता, केस उभे राहिले होते त्याचे. शिष्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. गुरूंवर ओरडायला त्याने तोंड उघडले, आणि ते तसेच राहिले.

कारण भ्यालेला गोंडा धावत सुटला, तो बाबांच्याच पायाशी. आंबा दहा पावलांवर होता, तिकडे त्याने पाहिलेही नाही. ज्याच्या हातात परात वाजत होती त्याच्याच धोतराच्या निऱ्यांत त्याने तोंड खुपसले आणि तिथेच कापत बसला.

बाबांनी परात खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाहिलंस? भ्याला तर आहे. पण भ्याल्यावर कुठे जायचं, ते याला कुणी शिकवलंच नाही. आईने शिकवलं असतं. तिच्या आधी तू उचललास."

"बाबा, पण मी तर त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया..."

"केलीस. तुझ्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही," बाबा त्याला शेजारी घेऊन पायरीवर बसले. "पण अभय देणाऱ्याने आधी पाहावं, आपला शब्द किती जण पाळणार आहेत. तू अभय दिलंस. वस्तीवरच्या कुत्र्यांनी दिलं का? वरती घिरट्या घालणाऱ्या गरुडाने दिलं? उद्या जाळं घेऊन येणारा माणूसही या पोराला तुझ्यासारखाच दिसणार आहे. रानातल्या जिवाला भय ही शिदोरी असते रे. तुझ्या हातून नकळत तीच काढून घेतली गेली. पिंजऱ्याला निदान दार असतं, ते उघडता येतं. तू जे केलंस ते कोणत्या दाराने उघडू?"

शिष्य अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं, कायद्याला माया कळत नाही."

"कायदा माया विचारत नाही, कारण रानही विचारत नाही. म्हणून तर अठ्ठेचाळीस तास म्हटलंय. तेवढ्यात कळवलं असतंस, तर त्यांनी पिल्लू त्याच झाडाखाली ठेवलं असतं आणि आई घेऊन गेली असती."

हे वाक्य शिष्याच्या काळजात रुतले. त्याच दिवशी तो गोंड्याला टोपलीत घालून, तीन कोस उतरून वनखात्याच्या कार्यालयात गेला. तिथल्या वनरक्षक बाईंनी त्याला बसा म्हटले नाही. पंचनामा झाला, जबाब झाला. पुढे काय कारवाई होईल ते साहेब ठरवतील, असे सांगण्यात आले. शिष्याने सगळे कबूल केले आणि सही केली.

"याला कुठे नेणार?"

"आमच्या केंद्रावर. उंच झाडांचं मोठं आवार आहे. माणूस दिसणार नाही, खाणंही लपून ठेवायचं. वर्ष लागेल. नाही जमलं तर जन्मभर तिथेच."

"मी महिन्यातून एकदा..."

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या. मग त्याचा चेहरा पाहून जरा मऊ झाल्या. "अहो डॉक्टर, तुम्ही आलात की तो पुन्हा तुमच्याकडे धावणार. तुमचा आवाजसुद्धा नको त्याच्या कानावर. एवढं कराल?"

करणे भागच होते. टोपलीतून ओळखीची किचकिच ऐकू येत होती. उत्तर द्यायला त्याचा जीव तळमळला, पण ओठ घट्ट मिटून तो पायऱ्या उतरला. वाटेत एका खडकावर बसून मात्र तो पोटभर रडला.

अकरा महिने गेले. या काळात त्याला दंड झाला, तो त्याने भरला. हिरडा-बेहडा ओळखायलाही तो शिकला, आणि शंका आली की आधी वस्तीवर विचारू लागला. गोंड्याची चौकशी त्याने एकदाही केली नाही. त्याला किती कष्ट पडत होते, हे बाबांना दिसत होते.

एके दुपारी वनरक्षक बाई गस्तीवरून येताना पाणी प्यायला अंगणात थांबल्या.

"तुमचा तो शेकरू," तांब्या खाली ठेवत त्या म्हणाल्या. "काल आमचे जनावरांचे डॉक्टर आवारात शिरले, तर त्यांना बघून केवढा ओरडला! दोन उड्यांत शेंड्यावर. तासभर खालीच आला नाही. परवा सोडणार आहोत रानात. कुठे ते विचारू नका."

"नाही विचारत," शिष्य म्हणाला.

बाई गेल्यावर तो चुलीपाशी गेला. डब्यात होता-नव्हता तेवढा रवा काढला, तूप सढळ हाताने घातले आणि शिरा केला. पहिली वाटी त्याने बाबांपुढे ठेवली.

"काय रे, आज काय विशेष?" बाबांनी विचारले.

"बाबा," डोळे पुसत तो हसला, "आमचा गोंडा माणसाला भ्यायला लागला."